आयुष्यभराचे वचन, वर्षभराची शिल्लक

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या पोर्ट वॉशिंग्टनमध्ये 2010 साली ‘अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅट हार्बरसाइड’ नावाची ज्येष्ठांची वसाहत सुरू झाली. राहते घर विकायचे, आलेल्या पैशांतून मोठी रक्कम वसाहतीकडे भरायची आणि पुढे दरमहा शुल्क देत राहायचे. त्याबदल्यात गुडघे गेले, स्मरण गेले, अंथरूण धरले, तरी त्याच आवारात शेवटपर्यंत सांभाळ होणार, असा तिथला करार होता. माणूस गेल्यावर भरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा वारसांना परत मिळायचा होता. या वसाहतीने 2014 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यातून ती सावरली. 2021 मध्ये पुन्हा अर्ज केला, पुन्हा सावरली. 2023 मध्ये तिसरा अर्ज झाला, तेव्हा करार पुढे चालवायला तयार असलेला एक खरेदीदार मिळाला होता. पण राज्याच्या मंजुरीत घोडे अडले आणि तो व्यवहार फिसकटला. त्यानंतर आलेल्या खरेदीदाराला इमारत हवी होती, आजीवन सांभाळाचे करार नको होते. वसाहत भाड्याच्या घरांची झाली आणि परताव्याच्या रकमेपैकी काही हिस्साच हाती लागेल, हे रहिवाशांना आणि वारसांना कळून चुकले.

न्यूयॉर्क राज्याचे या क्षेत्रातले नियम अमेरिकेतल्या सर्वांत कडक नियमांत गणले जातात, हे इथेच सांगून ठेवलेले बरे. नियम नव्हते म्हणून हे घडले, असे हार्बरसाइडबद्दल म्हणता येत नाही. मग ते नियम पाहत काय होते?

या वसाहतींना अमेरिकेत ‘कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी’ म्हणतात. बोलीत सगळे सीसीआरसी म्हणून मोकळे होतात. एकाच आवारात धडधाकट माणसांसाठी स्वतंत्र घरे, थोडी मदत लागणाऱ्यांसाठी सहाय्यित निवास आणि पूर्ण परावलंबी झालेल्यांसाठी नर्सिंग होम, अशी तीन पायऱ्यांची रचना असते. सरकारी कारभाराची तपासणी करून संसदेला अहवाल देणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने 2010 मध्ये या विषयाचा आढावा घेतला. त्यानुसार 2009 च्या जुलैमध्ये देशात अशा 1,861 वसाहती होत्या. त्यांतल्या बहुसंख्य ना-नफा संस्थांच्या, आणि त्यांतही चर्च किंवा धर्मसंस्थांच्या कुशीत वाढलेल्या. पेनसिल्व्हानियातली क्वेकरपंथीयांची फाउल्कवेज ही 1967 सालची वसाहत आजही या परंपरेचा नमुना म्हणून दाखवली जाते.

करारांचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात. ‘ए’ प्रकारात प्रवेशशुल्क सर्वांत मोठे. पण पुढे नर्सिंग होममध्ये जावे लागले तरी मासिक शुल्क फारसे वाढत नाही. ‘बी’मध्ये ठरावीक दिवसांची शुश्रूषा धरलेली असते, पुढचे पैसे वेगळे. ‘सी’मध्ये सेवा घ्याल तसे पैसे मोजा. ‘ए’ करार हा उघडउघड विमा आहे. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाने आगाऊ हप्ता भरायचा आणि तो किती जगेल, किती वर्षे अंथरुणाला खिळेल, याची जोखीम संस्थेने उचलायची. असे असूनही ही संस्था विमा कंपनीसारखी चालत नाही. तिच्या डोक्यावर इमारतीचे कर्ज असते, आवारात स्वयंपाकघर, लिफ्ट, बॉयलर आणि छपरे असतात, आणि जुन्या माणसांचे परतावे बहुतेक वेळा त्यांच्या रिकाम्या घरात नवे माणूस आले तरच दिले जातात. म्हणजे विमा, बांधकाम आणि हॉटेल असे तीन धंदे एकाच ताळेबंदात नांदत असतात.

त्यावर लक्ष कोणाचे? केंद्र सरकारचे नाही. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे निरीक्षक नर्सिंग होमच्या भागात येतात, रुग्णांच्या पाठीवर जखमा झाल्या आहेत का, औषधे वेळेवर मिळतात का, हे पाहतात. करारामागे पैसा उभा आहे का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. तो राज्यांचा प्रश्न, आणि राज्यांनी तो आपापल्या सोयीने वेगवेगळ्या खात्यांकडे सोपवला. फ्लोरिडा, पेनसिल्व्हानिया, टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना इथे विमा खाते, कॅलिफोर्नियात समाजसेवा खाते, मेरीलँडमध्ये ज्येष्ठ नागरिक खाते. 2010 च्या त्या अहवालानुसार 38 राज्यांत काही ना काही नियमन होते. 12 राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये या वसाहतींसाठी वेगळा कायदाच नव्हता.

आजचे बरेचसे नियम एका जुन्या दिवाळ्यातून शहाणपण घेऊन आले. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि हवाईत निवृत्तीगृहे चालवणारी मेथडिस्ट परंपरेतली ‘पॅसिफिक होम्स’ ही संस्था 1977 मध्ये दिवाळखोरीत गेली. एकदाच पैसे घेऊन जन्मभर सांभाळू, असे करार तिने वर्षानुवर्षे केले होते. माणसे हिशेबात धरली होती त्याहून जास्त जगली, महागाई वाढली, आणि जुन्या रहिवाशांचा चालू खर्च नव्या रहिवाशांच्या प्रवेशशुल्कातून भागवला जाऊ लागला. नवी माणसे येत होती तोवर गाडा चालला. मग रहिवाशांनी थेट युनायटेड मेथडिस्ट चर्चवर खटला गुदरला. एखाद्या धर्मसंप्रदायाला संस्था म्हणून कोर्टात खेचता येते का, असा मोठा घटनात्मक वाद त्यातून उभा राहिला. अखेर 1980 मध्ये सुमारे 2 कोटी 10 लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘चर्चचे नाव पाटीवर आहे म्हणजे पैसा सुरक्षित’ या समजुतीला तिथे पहिला तडा गेला.

त्यानंतरच्या दशकात राज्यांनी धडाधड कायदे केले. पेनसिल्व्हानियाचा 1984 चा, न्यूयॉर्कचा 1989 चा. तपशील वेगळे असले तरी साचा एकच. सुरुवातीला परवाना आणि व्यवहार्यता अहवाल, बांधकाम होईपर्यंत ठेवी तिऱ्हाइताकडच्या एस्क्रो खात्यात, ग्राहकाला माहितीपत्रक, करार रद्द करण्याची मुदत (फ्लोरिडात 7 दिवस, कॅलिफोर्नियात 90), दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब, आणि राखीव निधी. यांतला राखीव निधी हा कण्याचा भाग.

पेनसिल्व्हानियात पुढच्या 12 महिन्यांचे मुद्दल-व्याज किंवा वर्षाच्या चालू खर्चाचा 10 टक्के, यांतली जी रक्कम मोठी ती बाजूला ठेवायची. कॅलिफोर्नियात वर्षाची कर्जफेड आणि वर 75 दिवसांचा चालू खर्च. नॉर्थ कॅरोलिनात घरे किती भरलेली आहेत त्यानुसार वर्षाच्या खर्चाच्या पावापासून निम्म्यापर्यंत. मेरीलँडने आपला आकडा 15 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 25 टक्क्यांवर नेला. आकड्यांत एवढी तफावत, पण मापाची पट्टी सगळ्यांची तीच: एक वर्ष किंवा त्याहून कमी. रहिवाशाला दिलेले वचन पंधरा-वीस वर्षांचे असते. कायदा तपासतो ते पुढच्या वर्षीचा हप्ता आणि अडीच महिन्यांचा किराणा-पगार निघेल का, एवढेच.

शिवाय या निधीतला कर्जफेडीचा हिस्सा कोणाच्या कामाचा? बहुतेक वसाहती करमुक्त म्युनिसिपल रोखे विकून बांधल्या जातात. रोख्यांच्या अटींनुसार विश्वस्त बँकेकडे वर्षभराच्या हप्त्याचा निधी ठेवावाच लागतो, आणि बऱ्याच राज्यांत तोच निधी कायदेशीर राखीव निधी म्हणूनही मोजला जातो. दिवस फिरले की ती रक्कम आधी रोखेधारकाकडे जाते. वृद्धाच्या संरक्षणासाठी केलेला नियम असा अर्धाअधिक सावकाराच्या संरक्षणासाठी राबतो.

लांबचे पाहणारे एक साधन आहे, ते विमागणितज्ञांचे. अमेरिकेतल्या या व्यवसायाचे तिसऱ्या क्रमांकाचे मानक खास या वसाहतींसाठी लिहिलेले आहे. त्यात तीन कसोट्या आहेत. आज राहणाऱ्यांना दिलेली वचने पाळण्यापुरती साधने आहेत का; नव्या माणसाकडून घेतले जाणारे शुल्क त्याचा स्वतःचा खर्च भागवते का; आणि पुढच्या अनेक वर्षांच्या अंदाजात रोकड कधी शून्याखाली जाते का. दुसरी कसोटी ‘पॅसिफिक होम्स’ला आधीच लावली असती तर रोग पुष्कळ लवकर कळला असता. कॅलिफोर्निया ‘ए’ प्रकारच्या करारांसाठी दर पाच वर्षांनी असा अभ्यास मागते, न्यूयॉर्कही मागते. कित्येक राज्यांत तो सक्तीचा नाही. लेखापरीक्षण आणि विमागणित ही दोन वेगळी कामे आहेत, हे ग्राहकाला तर सोडाच, पुष्कळशा विश्वस्तांनाही ठाऊक नसते. सनदी लेखापालाने सही केली म्हणजे मागच्या वर्षीचे आकडे बरोबर मांडले आहेत, एवढेच ठरते.

हिशेबाची रीतही पाहण्यासारखी आहे. परत न करायचे प्रवेशशुल्क हे रहिवाशाच्या अपेक्षित उरलेल्या आयुष्यावर वाटून दरवर्षी थोडे थोडे उत्पन्न म्हणून दाखवतात. परत करायचा भाग देणे म्हणून राहतो. कागदावर हे अगदी शिस्तीत असते. रोकड मात्र आली त्याच वर्षी बांधकामाच्या कर्जात किंवा मूळ कंपनीच्या खात्यात गेलेली असू शकते. कॅलिफोर्नियातल्या ‘व्ही अ‍ॅट पालो आल्टो’ या वसाहतीच्या रहिवाशांनी 2014 मध्ये याच मुद्द्यावर दावा लावला. प्रवेशशुल्कांतून 19 कोटी डॉलरहून जास्त रक्कम शिकागोतल्या मूळ कंपनीकडे वळवली, असा त्यांचा आरोप होता. फिर्यादींत नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ बर्टन रिक्टर होते. कंपनीने आरोप नाकारले. वसाहत बुडाली नव्हती, परतावे थांबले नव्हते, त्यामुळे रहिवाशांचे प्रत्यक्ष नुकसान झाले आहे का, याच प्रश्नावर कोर्टात बराच खल झाला. नुकसान झाल्यावर कोर्टात जायचे तर तेव्हा तिजोरीत काही उरलेले नसते, हा पेच या खटल्याने चव्हाट्यावर आणला.

आता देखभालीकडे. पैशांची तंगी आली की व्यवस्थापनाला पगार थांबवता येत नाहीत, नर्सिंग होममधली माणसे कमी करता येत नाहीत, रोख्यांचा हप्ता चुकवता येत नाही. पुढे ढकलता येते ते छत. छत यंदाऐवजी दोन वर्षांनी, पाइप गळेल तेव्हा, लिफ्ट बंद पडली तर पाहू. ढकललेली दुरुस्ती ताळेबंदात देणे म्हणून कुठेच दिसत नाही. म्हणून वसाहतीची आर्थिक तब्येत बिघडतेय याची पहिली खूण आकड्यांआधी बऱ्याचदा भिंतींवर उमटते.

यावर नियम काय म्हणतात? न्यूयॉर्कच्या राखीव निधीत पुढच्या वर्षाच्या दुरुस्ती-बदलीची रक्कम धरावी लागते. फ्लोरिडाचा नियम जास्त खोलात जातो. तिथे नूतनीकरण आणि बदलीसाठी स्वतंत्र निधी ठेवावा लागतो, तो साचलेल्या एकूण घसाऱ्याच्या 15 टक्के. पण त्याला वरून टोपी आहे: ही रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी चालू खर्चाच्या 15 टक्क्यांहून जास्त असायची गरज नाही. समजा, एखाद्या वसाहतीचा साचलेला घसारा 6 कोटी डॉलर आहे आणि वर्षाचा खर्च 3 कोटी. पहिल्या हिशेबाने 90 लाख निघतात, टोपी घातली की 45 लाख. सहा कोटींची झीज झालेल्या इमारतींसाठी कुलुपात पंचेचाळीस लाख. शिवाय घसारा मोजतात तो मूळ खरेदी किमतीवर. 1990 साली बसवलेली लिफ्ट 1990 च्या भावाने झिजते, नवी मात्र आजच्या भावाने बसवावी लागते.

मराठी वाचकाला यातले तत्त्व ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि पाऊण टक्का दुरुस्ती-देखभालीसाठी जमा करायला सांगितले आहे, तेही बांधकामाच्या जुन्याच किमतीवर. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंड वाढवण्याचा विषय निघाला की काय होते, हे सांगायला नको. फरक एवढाच की सोसायटीत भांडणारे सभासद मालक असतात. सीसीआरसीतल्या रहिवाशाकडे बहुधा मालकी नसते; असतो तो राहण्याचा करार.

मालकांच्याही इमारती पडतात, हे फ्लोरिडाने पाहिले. 24 जून 2021 रोजी सर्फसाइड इथली बारा मजली ‘शँप्लेन टॉवर्स साउथ’ कोसळली, 98 माणसे गेली. काँक्रीटच्या दुरुस्तीचा अहवाल आधीच हाती होता. खर्च मोठा म्हणून चर्चा लांबत गेली होती. पुढच्याच वर्षी राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या सदनिका-इमारतींना छत, भार पेलणाऱ्या भिंती, पाणीरोधन, नळ, वीज अशा प्रत्येक गोष्टीचे उरलेले आयुष्य आणि बदलीचा खर्च अभियंत्याकडून काढून घेणे, आणि तेवढा निधी साठवणे बंधनकारक केले. हा कायदा सदनिकांसाठी आहे. करारावर चालणाऱ्या सीसीआरसीचा नूतनीकरण निधी अजून घसाऱ्याच्या टक्क्यानेच ठरतो. म्हणजे एकाच राज्यात साठीतल्या सदनिकाधारकाच्या छताचे वय अभियंता मोजतो आणि नव्वदीतल्या करारधारकाच्या छताचे हिशेबनीस. याची सुसंगत कारणमीमांसा देणे अवघड आहे.

हिशेबनिसाचे माप अगदीच निरुपयोगी नाही म्हणा. साचलेला घसारा भागिले वर्षाचा घसारा केला की वास्तूचे सरासरी वय वर्षांत मिळते. वर उदाहरणात घेतलेल्या वसाहतीचा वर्षाचा घसारा 40 लाख असेल तर वय पंधरा वर्षे. मान्यता देणारी ‘कार्फ’ ही संस्था आपल्या गुणोत्तरांत हे वय धरते, रोखे जोखणाऱ्या पतमानांकन संस्थाही पाहतात. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. तीनचार वर्षे ओळीने तो वर्षाला वर्षभराने वाढत असेल, तर समजावे की जुने झिजतेय आणि नवे काही बसत नाहीये.

देखभालीचा आणखी एक कडू धडा वीज गेल्यावर मिळाला. 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड गावच्या एका नर्सिंग होममध्ये वातानुकूलन बंद पडले आणि उष्म्याने 12 रुग्ण दगावले. ती सीसीआरसी नव्हती. पण त्यानंतर झालेला नियम, म्हणजे वीज गेली तरी 96 तास आतले तापमान 81 अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ नये इतकी पर्यायी वीज ठेवायची, हा राज्यातल्या सगळ्या नर्सिंग होमना आणि सहाय्यित निवासांना लागू झाला. म्हणून सीसीआरसीच्या आवारातल्या त्या भागांनाही. जनरेटरचा नियम व्हायला बारा बळी जावे लागले.

फ्लोरिडाने 2019 मध्ये आर्थिक देखरेखीचा कायदाही घासूनपुसून घेतला. टाम्पातल्या ‘युनिव्हर्सिटी व्हिलेज’ या वसाहतीच्या 2016 मधल्या दिवाळखोरीची पार्श्वभूमी त्याला होती. नव्या रचनेत धोक्याची घंटा आकड्यांनी वाजते. हप्त्यासाठी हाती येणारा पैसा हप्त्याच्या 1.2 पटीहून कमी, रोकड 100 दिवसांहून कमी, भरलेली घरे 80 टक्क्यांहून कमी. या तिन्हींपैकी दोन घडले की नियामकाने हस्तक्षेप करायचा, सुधारणेचा आराखडा मागायचा. आधी बहुतेक राज्यांत नियामक वार्षिक हिशेब आल्यावर, म्हणजे वर्ष संपून काही महिन्यांनी जागा होत असे. आकड्याला कृती बांधून टाकली की अधिकाऱ्याला ‘अजून थोडे थांबू’ म्हणायला जागा कमी उरते. या क्षेत्रातली गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपयोगी सुधारणा मानायला हरकत नाही.

तरीही दिवाळे निघालेच तर रहिवासी रांगेत कुठे उभा असतो?

बहुतेकदा शेवटी. रोखेधारकांकडे इमारतीचे तारण असते. रहिवाशाकडे वचन असते. केंद्रीय दिवाळखोरी कायदा ग्राहकाच्या ठेवीला थोडे प्राधान्य देतो, पण अलीकडची मोठी प्रकरणे दाखल झाली तेव्हा त्याची मर्यादा माणशी 3,350 डॉलर होती. प्रवेशशुल्क लाखांत असते. फ्लोरिडाचा कायदा रहिवाशांच्या करारांना अग्रहक्काचे देणे म्हणतो आणि त्याच दमात तारणधारकांच्या मागे उभे करतो. याउलट न्यूझीलंडच्या 2003 च्या कायद्याने निवृत्तिग्रामांवर वैधानिक पर्यवेक्षक नेमायची पद्धत घातली आणि तो पर्यवेक्षक बहुधा रहिवाशांच्या वतीने मालमत्तेवर तारण धरून असतो. अमेरिकेत हा बदल सुचवला की विकासक म्हणतात, मग रोखे कोण घेईल आणि वसाहती बांधणार कोण? हरकत खरी आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की या वसाहती स्वस्त व्याजाने उभ्या राहतात, कारण जोखमीचा वाटा ऐंशी वर्षांची माणसे बिनव्याजी उचलतात.

डॅलसच्या ‘एजमेअर’ने हे चित्र पुरते उघडे केले. वसाहत आलिशान, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची. जमीनमालकाशी वाद पेटला, कोविडमध्ये घरे रिकामी पडली आणि एप्रिल 2022 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. परताव्यांचे देणे दहा कोटी डॉलरहून जास्त होते आणि वसाहत विकली गेली पाच कोटींहून कमी किमतीला. सुदैवाने मूळ संस्था ‘लाइफस्पेस’ने परताव्यांसाठी दीर्घ मुदतीत हप्त्यांनी पैसे द्यायचे कबूल केले. टेक्सासच्या विमा खात्याकडे या वसाहतीची सगळी कागदपत्रे होती. जमीन भाड्याची आहे हेही कागदावर होतेच. 2023 मध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्गची ‘फ्रेंडशिप व्हिलेज’ दिवाळखोरीत गेली, तिथल्याही कुटुंबांचे परतावे अडकले.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत, हेही नोंदवायला हवे. 2008 च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या, ज्येष्ठांची घरे विकली जाईनात, त्यामुळे नवे प्रवेश आटले आणि ऑक्टोबर 2009 मध्ये मेरीलँडच्या बलाढ्य ‘एरिक्सन’ कंपनीने दिवाळखोरीचा आसरा घेतला. 36 कोटी 50 लाख डॉलरला ‘रेडवुड कॅपिटल’ने ती घेतली, करार जसेच्या तसे पाळले गेले आणि त्या वसाहती आजही चालू आहेत. एरिक्सनच्या वसाहती भरलेल्या होत्या, नव्या बांधकामाच्या कर्जाने तिचे कंबरडे मोडले होते. चालत्या वसाहतीला गिऱ्हाईक मिळते. हार्बरसाइडचे दुखणे नेमके उलट होते. ती मंदीच्या तोंडावर बांधली गेली आणि पुरेशी कधी भरलीच नाही.

जागरूकता सर्वांत जास्त कोणी दाखवली असेल तर रहिवाशांनी. निवृत्त लेखापाल, बँकर, अभियंते या वसाहतींत भरपूर; वेळही भरपूर. फ्लोरिडाची ‘फ्लिक्रा’, न्यू जर्सीची ‘ओरँज’, देशपातळीवरची ‘नॅक्रा’ या त्यांच्या संघटना आमदारांच्या समित्यांपुढे आकडे घेऊन बसतात. रोखे विकलेल्या वसाहतींचे तिमाही आकडे ‘एम्मा’ या सार्वजनिक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि वसाहतीच्या माहितीपत्रकापेक्षा ते पुष्कळ रोखठोक असतात. ते रोखेधारकांसाठी लिहिलेले असतात हेच त्याचे कारण.

अमेरिकेत आयुष्य काढलेल्या पहिल्या पिढीतल्या मराठी माणसांनाही हे प्रश्न आता घरचे झाले आहेत. त्यांच्यातले काही जण सीसीआरसीचा विचार करतात, काही भारतीय जेवण आणि सोबत शोधत फ्लोरिडातल्या टवारेसच्या ‘शांतिनिकेतन’सारख्या वसाहतीकडे वळतात. तिथे घर मालकीचे असते, म्हणजे परताव्याची धास्ती नाही. पण आजीवन शुश्रूषेची हमीही नाही.

इकडे पुण्यात ‘अथश्री’सारख्या प्रकल्पांनी ज्येष्ठांची घरे ही कल्पना रुळवली, आणि आता नियमनही सुरू झाले आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत विकासक, सेवा देणारी कंपनी आणि घर घेणारा अशा तिघांचा करार सुचवला आहे. ती तत्त्वे राज्यांनी स्वीकारली तरच लागू. राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने, म्हणजे महारेराने, मे 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान भौतिक निकष बंधनकारक केले: दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद, स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे. हे सगळे हवेच होते. अमेरिकेच्या अनुभवापुढे ठेवून पाहिले तर क्रम उलटा दिसतो. तिकडे पैशांचे नियम आधी आले आणि छपराचे मागून, इकडे दरवाजा मोजला आहे आणि पैसा मोजायचा आहे. रेरा कायद्याने ग्राहकाच्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात ते बांधकाम पुरे होईपर्यंत, आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकासकावर राहते ती ताब्यानंतर पाच वर्षे. ज्येष्ठाची खरी गरज साधारण तिथून पुढे सुरू होते. तोवर घर घेताना भरलेला कॉर्पस कोणाच्या नावे, कुठल्या बँकेत आणि कोणाच्या सहीने निघतो, जेवण आणि नर्सिंग पुरवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद दरवर्षी रहिवाशांपुढे येणार का, आणि ती कंपनी निघून गेली तर दुसरी आणायचा खर्च कोणी करायचा, हे त्या तिघांच्या करारातच लिहून घ्यावे लागेल. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची तिमाही प्रगती दिसते, ती भोगवटा प्रमाणपत्राशी थांबते.